मॉडेलमध्ये 3 मिमी, माळ्यावर 15 मिमी: लाकडी फ्रेमचा सांधा कुठं चुकतो

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, लाकडी माळा आणि मंगळुरी कौलांचं काम झालं की काही महिन्यांनी ठरलेली तक्रार येते. स्टॅडच्या (इमारतीचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामच्या) रिपोर्टमध्ये तुळई जेमतेम 3 मिमी वाकलेली असते. जागेवर दोन खांबांमध्ये दोरी ताणली तर मधोमध 15 मिमीचं पोट. माळ्यावर कुणी चाललं की फडताळातली भांडी वाजतात. मालक सुताराला धरतो, सुतार वखारवाल्याला धरतो, आणि इंजिनिअर तुळईची खोली 50 मिमीनं वाढवून तेच मॉडेल पुन्हा चालवतो. पुढच्या कामावर तक्रार कमी होते, पण संपत नाही.

कारण सवयीत आहे. बेळगावात आपला दिवस आरसीसीत जातो. तिथं तुळई आणि कॉलम एकत्र ओतलेले असतात, सळ्या एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्यामुळं सांधा कडक धरला तरी फारसं बिघडत नाही. प्रोग्रामसुद्धा काही न सांगता प्रत्येक सांधा कडकच धरतो. लाकडी कामात सांधा हा तुळईसारखाच एक वेगळा भाग समजायचा. त्याला स्वतःचा ताठपणा असतो, भोकात मोकळीक असते, आणि दाब घेणारा सांधा ओढ घेईलच असं नसतं. या तिन्ही गोष्टी मॉडेलला आपण सांगायच्या असतात. न सांगितलेली प्रत्येक गोष्ट प्रोग्राम आपल्या सोयीनं धरून चालतो.

आधी एकच तुळई हातानं करा

पूर्ण घराचं मॉडेल बाजूला ठेवा. 4 मीटरची तुळई घ्या: खांबाच्या दोन्ही अंगांना एकेक फळी, प्रत्येकी 50 × 200 मिमी, सागवान. खांब 100 × 200, रुंद बाजू फ्रेमच्या पातळीत. प्रत्येक टोकाला 12 मिमीचे चार बोल्ट, 100 × 100 च्या चौकोनात. भार मीटरला 3 किलोन्यूटन.

सागाचा लवचीकता गुणांक 10,000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरू. आयएस 883 या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात साग ब गटात येतो आणि हा आकडा त्या गटात बसतो. दोन फळ्या मिळून ई गुणिले आय, म्हणजे वाकण्याविरुद्धचा ताठपणा, होतो 667 किलोन्यूटन-चौरस मीटर. टोकं पिन, म्हणजे मोकळी फिरणारी, धरली तर मधली वाक 15 मिमी. टोकं पूर्ण कडक धरली तर 3 मिमी. तक्रारीतले दोन्ही आकडे इथंच भेटले. म्हणजे लाकूड जसं हवं तसं वागतंय. सांधा पिनसारखा वागतोय आणि मॉडेल त्याला वेल्डिंग समजतंय.

आता बोल्टचा ताठपणा काढू. आपल्या आयएस 883 मध्ये सांध्याच्या घसरणीचं सोपं सूत्र नाही, म्हणून बहुतेक जण युरोकोड 5 या युरोपीय मानकातलं वापरतात: घनतेचा दीड घात, गुणिले बोल्टचा व्यास, भागिले 23. घनता किलो प्रति घनमीटरमध्ये, व्यास मिमीमध्ये. उत्तर एका बोल्टच्या एका कातर-पातळीसाठी (दोन लाकडं जिथं एकमेकांवर सरकतात ती पातळी) न्यूटन प्रति मिमीमध्ये मिळतं. सागाची घनता 625 धरली तर 625 चा दीड घात 15,625. त्याला 12 नं गुणून 23 नं भागलं की 8,150. दोन फळ्यांमुळं कातर-पातळ्या दोन, म्हणून एका बोल्टला सुमारे 16,300 न्यूटन प्रति मिमी.

फिरण्याचा ताठपणा म्हणजे प्रत्येक बोल्टचा ताठपणा गुणिले मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि त्यांची बेरीज. 100 च्या चौकोनात प्रत्येक बोल्ट मध्यापासून 70.7 मिमीवर, वर्ग 5,000, चार बोल्टांचे 20,000. उत्तर 326 किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन. याच हिशेबात एक गोष्ट दिसते: मधोमध पाचवा बोल्ट मारला तर वर्ग शून्य, त्यामुळं फिरणं तसूभरही कमी होत नाही. तरी जागेवर ‘अजून एक ठोकून टाका’ म्हणून जो बोल्ट मारला जातो तो नेमका तिथंच असतो.

हा 326 चा आकडा देववाणी समजू नये. ते सूत्र युरोपातल्या लाकडांवर बेतलेलं आहे. म्हणून मॉडेल निम्म्या आणि दुप्पट ताठपणानंही चालवायचं. या तुळईचे निकाल असे येतात (खांब स्वतः फिरत नाही असं धरून):

पूर्ण कडक: टोकाचा मोमेंट (वाकवण्याचा जोर) 4.0 किलोन्यूटन-मीटर, वाक 3 मिमी
ताठपणा 652: मोमेंट 2.65, वाक 7 मिमी
ताठपणा 326: मोमेंट 1.98, वाक 9 मिमी
ताठपणा 163: मोमेंट 1.3, वाक 11 मिमी
पिन: मोमेंट 0, वाक 15 मिमी

ताठपणा चौपट बदलला तरी वाक 7 ते 11 मध्येच राहते. अचूक आकडा हाताशी नाही म्हणून सांधा कडक धरणं किती महाग पडतं ते इथं दिसतं. तपासताना आमचा नियम साधा आहे. तुळईचा मधला मोमेंट आणि वाक पिन धरून तपासा. बोल्टवरचा भार दुप्पट ताठपणा धरून तपासा. दुप्पट ताठपणात एका बोल्टवर नुसत्या मोमेंटमुळं साडेनऊ किलोन्यूटनच्या आसपास भार येतो, आणि त्यातला बराचसा रेषांना आडवा. फळी चिरते ती यानंच.

भोकाचा एक मिलिमीटर

आता खरी मेख. 12 च्या बोल्टला 13 चं भोक पाडतात, सगळीकडेच. युरोकोडही एक मिमीपर्यंत जादा भोक चालवून घेतो, पण ती मोकळीक घसरणीत वेगळी मिळवा असं सांगतो. ते वाक्य कुणी वाचत नाही.

तुळईत आणि खांबात, दोन्हीकडे 13 चं भोक असेल तर बोल्ट कडेला टेकेपर्यंत दोन्ही लाकडं एकमेकांवर एक मिमी सरकतात. बोल्ट मध्यापासून 70.7 मिमीवर, म्हणजे सांधा 0.014 रेडियन फुकट फिरतो. आणि पूर्ण पिन असलेल्या आपल्या तुळईचं टोक पूर्ण भाराखाली फिरतं किती? 0.012 रेडियन. म्हणजे पूर्ण भार आला तरी बोल्ट भोकाच्या कडेला टेकलेलाच नसतो. 326 सोडा, त्या सांध्याचा ताठपणा शून्य. नट आवळल्यामुळं सुरुवातीला घर्षण थोडं धरतं, पण लाकूड सुकून आक्रसलं की तेही जातं. ‘पहिल्या पावसाळ्यापर्यंत माळा घट्ट होता, उन्हाळ्यात हलायला लागला’ या तक्रारीचा अर्थ हा.

जागेवर खात्री करायची असेल तर पाटणी (माळ्याच्या फळ्या) ठोकण्याआधी करा, कारण फळ्या बसल्या की भार शेजारच्या तुळयांना वाटला जातो.

तुळईच्या दोन्ही टोकांना, निम्म्या खोलीवर, खिळे मारून त्यांना नायलॉनची दोरी ताणा. मधोमध स्टीलची पट्टी लावून वाचन लिहून घ्या. तुळईखाली 30 मिमीची फट ठेवून दोन टेकू उभे करा. काही झालंच तर तुळई त्यांवर बसेल. मग सिमेंटची 50 किलोची 12 पोती तुळईच्याच डोक्यावर सारख्या अंतरानं मांडा. हा निम्मा भार झाला, मीटरला दीड किलोन्यूटनच्या जवळ. अर्धा तास थांबून वाचन घ्या, पोती उतरवून पुन्हा घ्या.

फरक दीड मिमी आला तर सांधा खरोखर कडक आहे. बोल्टच्या कामात असं आम्ही धरतच नाही. साडेचार आला तर स्प्रिंगचा, म्हणजे 326 ताठपणाचा, हिशेब जुळला. सात-साडेसात आला तर तो पिन आहे, मग नकाशात काहीही काढलेलं असो. पोती उतरवल्यावर दोरी मूळ जागी येत नसेल तर उरलेला फरक बहुतेक भोकाच्या मोकळिकीचा. भार ठेवण्याआधी सांध्यावर तुळई आणि खांब या दोन्हींवरून चाकूनं एक बारीक सरळ रेघ ओढून ठेवली तर नंतर ती तुटलेली दिसते, आणि मालकाला समजवायला त्या रेघेइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

57.3 ची चूक

स्प्रिंगचा आकडा काढला, मॉडेलमध्ये भरला, आणि तरी वाक 3 मिमीच येते. हे इतक्यांदा होतं की वेगळं लिहायला हवं. काही ठिकाणी प्रोग्राम फिरण्याचा ताठपणा प्रति अंश मागतो, काही ठिकाणी प्रति रेडियन. एक रेडियन म्हणजे 57.3 अंश, म्हणून 326 प्रति रेडियन म्हणजे 5.69 प्रति अंश. अंशाच्या रकान्यात 326 टाकलंत तर प्रोग्रामनं 18,680 घेतलं, म्हणजे सांधा जवळजवळ वेल्ड झाला. उलट रेडियनच्या रकान्यात 5.69 टाकलंत तर पिन झाला. मॅन्युअल चाळण्यापेक्षा वरची एकच तुळई त्या रकान्यातून चालवा. 9 मिमी आलं तर बरोबर. 3 किंवा 15 च्या जवळ गेलं तर एकक चुकलं.

दुसरी बारीक चूक अक्षाची. तुळई 90 अंशात फिरवून ठेवली असेल, म्हणजे बीटा कोन दिला असेल, तर मेंबर रिलीज (मेंबरचं टोक फिरायला मोकळं सोडणं) त्या मेंबरच्या स्वतःच्या, म्हणजे स्थानिक, अक्षांवर लागतं. मग उभ्या वाकेऐवजी आडव्या वाकेला स्प्रिंग बसते आणि निकालात काहीच फरक पडत नाही. ‘रिलीज देऊनही आकडे बदलले नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

‘स्ट्रक्चर अस्थिर’ असा इशारा आला तर

घाबरून सगळी रिलीजं काढून टाकू नका. बहुतेक वेळा एका नोडला (मेंबर जिथं जुळतात त्या बिंदूला) जोडलेले सगळेच मेंबर मोकळे केलेले असतात, त्यामुळं तो नोड स्वतःभोवती गरागरा फिरायला मोकळा होतो. एका मेंबरचं टोक न सोडता ठेवा, नोड शांत होतो. किंवा मेंबरच्या दोन्ही टोकांना पीळ सोडलेला असतो. एकाच टोकाला सोडायचा. हे दोन्ही ठीक असूनही इशारा आला तर मात्र तो खरा आहे: खांब तळखड्यावर पिन, तुळया पिन, धिरे (तिरपे आधार) नाहीत. अशी चौकट मॉडेलमध्ये पडते तशी जागेवरही पडेल. फक्त भिंतीच्या आधारानं काही वर्षं उभी राहील.

तळखड्यावर उभ्या खांबाबद्दल इथंच एक गोष्ट. दगडात लोखंडी खुंटी घालून खांब उभा केला की काही जण तो तळाशी फिक्स धरतात. ती खुंटी फक्त सरकणं अडवते. पिन धरा, आणि वाऱ्यानं छप्पर उचललं जाणार असेल तर तिथं ओढ शून्य धरा, नाहीतर पट्टी आणि बोल्ट दाखवून मग धरा.

धिरे: एका वेळी एकच काम करतो

खांब-तुळईच्या कोपऱ्यात 45 अंशाचा धिरा देतात. सुतार त्याला खोबण पाडून कुसू (टोकाला काढलेली जीभ) बसवतो, एखादी लाकडी खुंटी मारतो. दाब आला की धिरा खोबणीच्या तळाशी घट्ट बसतो आणि चांगलं काम करतो. वारा उलटला की तोच धिरा ओढला जातो आणि सगळी ओढ त्या एका खुंटीवर येते. खुंटी वाकते, नाहीतर कुसूचं टोक रेषेत फाटून निघतं.

मॉडेलमध्ये दोन्ही धिरे साधे मेंबर धरले तर दोघं मिळून वारा घेतात आणि डोलणं निम्मं दिसतं. जागेवर एका वेळी एकच काम करतो. म्हणून त्यांना फक्त-दाब मेंबर करा. हे केलं की भारांची नुसती बेरीज चालत नाही, कारण प्रत्येक भारात कोणता धिरा जिवंत आहे ते वेगळं असतं. स्टॅडमध्ये लोड कॉम्बिनेशनऐवजी रिपीट लोड वापरा. लोड कॉम्बिनेशन आधीचे निकाल नुसते मिळवतं, आणि त्यातून दाबाच्या धिऱ्यात ओढ दिसण्याचे चमत्कार घडतात.

धिरा खांबाला ढकलतो, हेही विसरलं जातं. 3 मीटरच्या खांबाला वरून 700 मिमीवर धिरा लागला तर खांबातला सर्वांत मोठा मोमेंट तिथंच येतो, आणि नेमकं तिथंच खोबणीनं खांब पोखरलेला असतो. उरलेला छेद मोजा.

कैचीची तान ‘शून्य’ येते

छपराकडे आलो. किंगपोस्टची कैची (मधोमध उभा खांब असलेली छपराची त्रिकोणी चौकट), स्पॅन 6 मीटर, उतार 30 अंश, कैच्यांमधलं अंतर अडीच मीटर. आयएस 875 या भारांच्या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात रिपांसह मंगळुरी कौलांचं वजन चौरस मीटरला सुमारे 0.64 किलोन्यूटन दिलेलं आहे. उतारावरचं क्षेत्र, वाशांचं वजन आणि 0.4 किलोन्यूटन चल भार धरून जमिनीवरच्या मापानं 1.3 धरू. मधल्या तीन सांध्यांवर प्रत्येकी 4.9 किलोन्यूटन येतात. वरच्या तिरप्या मेंबरात टाचेजवळ (भिंतीवरच्या टोकाशी) दाब 14.6, खालच्या आडव्या तानीत 12.7 किलोन्यूटन.

रिपोर्टमध्ये मात्र तान शून्य दिसते आणि कुणीतरी खूश होऊन ती 75 × 75 ची करतो. दोन्ही टेकू पिन दिलेले असतात, बस. दोन अचल बिंदूंमध्ये बांधलेली तान ताणली जाणार कशी? 12.7 ची ढकल मॉडेलनं गुपचूप भिंतीला दिली. जागेवर ती जांभ्याच्या नाहीतर मातीच्या जुन्या भिंतीच्या माथ्यावर येते. भिंत बाहेर झुकते, आढ्याचं पोट खाली येतं, कौलं सरकतात, आणि पाऊस आत. एका बाजूचा टेकू सरकता करा. तान जागी झाली की बरोबर. टेकूंच्या आडव्या प्रतिक्रिया वाचण्याची सवय लावून घ्या. नुसत्या उभ्या भाराला त्या शून्य यायला हव्यात.

त्याच कैचीत किंगपोस्ट ओढीत असतो, 4.9 किलोन्यूटन, छताचं वजन टांगलं असेल तर जास्त. तो खांब तान उचलून धरतो, तिच्यावर उभा नसतो. नुसता कुसू तानीत बसवून काम संपवलं तर तो कुसू अलगद बाहेर येतो. खालून यू आकाराची लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट हवाच.

टाच: जिथं तीन रेषा भेटत नाहीत

कैचीतला सर्वांत नाजूक सांधा टाचेचा, आणि मॉडेलमध्ये सर्वांत खोटा तोच असतो. कागदावर वरचा मेंबर, तान आणि टेकू या तिघांच्या मध्यरेषा एका बिंदूत भेटतात. जागेवर सुतार तानीत 35 मिमीची खाच पाडतो, वरचा मेंबर त्यात बसवतो, आणि भिंत आणखी 100 मिमी आत असते.

तान 100 × 150 ची धरू. खाच पाडल्यावर 115 उरली. ओढ आता उरलेल्या छेदाच्या मध्यातून जाते, म्हणजे मूळ रेषेपासून 17.5 मिमी खाली. 12.7 गुणिले 0.0175 म्हणजे 0.22 किलोन्यूटन-मीटर, हे थोडकं. पण भिंतीची प्रतिक्रिया 9.75 किलोन्यूटन आणि अंतर 0.1 मीटर, म्हणजे जवळजवळ 1 किलोन्यूटन-मीटर, तेही पोखरलेल्या छेदावर. 100 × 115 च्या छेदात नुसता याचाच ताण 4.4 न्यूटन प्रति चौरस मिमी. मॉडेलमध्ये तान निव्वळ ओढीची, म्हणून तिथं मोमेंट शून्य लिहिलेला असतो. उपाय: टेकूचा नोड खऱ्या जागी द्या, आणि सांध्याच्या बिंदूपासून तिथपर्यंत तान एक वेगळा छोटा मेंबर करून उरलेल्या छेदानं भरा.

खाच तानीच्या खोलीच्या चौथ्या भागापेक्षा खोल नसावी. 150 ला 37 पर्यंत. खाचेच्या पुढं तानीचं जे नाक उरतं ते 12.7 ची ढकल रेषांना समांतर कातरून घेतं. कातर ताण 1 न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर 100 रुंदीला 127 मिमी नाक लागतं. टोकाला भेगा पडणारच, म्हणून 200 ठेवा. जुन्या घरांत नाकं आखूड दिसतात आणि तरी ती टिकलेली असतात. तिथं कैच्या जवळ जवळ आणि तानी जाड असतात; त्याची नक्कल अडीच मीटर अंतराला करू नये.

खाचेवरचा दाब रेषांशी तिरपा असतो. त्यासाठी हँकिन्सनचं सूत्र: समांतर आणि आडव्या परवानगी-ताणांचा गुणाकार, भागिले समांतर गुणिले कोनाच्या साइनचा वर्ग अधिक आडवा गुणिले कोसाइनचा वर्ग. खाचेचं तोंड कोन दुभागून, म्हणजे इथं 15 अंशांवर पाडलं तर दोन्ही लाकडांना सारखा वाटा येतो. पटाशी लावण्याआधी ती रेघ गुण्यानं नव्हे, पत्र्याचा साचा कापून आखून द्या.

पाऊस, सुकणं आणि सुस्ती

सांधा बरोबर मॉडेल केला तरी पहिल्या दोन वर्षांत पोट वाढतं, कारण लाकूड कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतं. आयएस 883 चा तोडगा सोपा आहे: सुरुवातीला कोरडं असलेल्या लाकडासाठी वाक तपासताना स्थिर भार दुप्पट धरा. आपल्या तुळईत 3 पैकी 1 स्थिर आणि 2 चल असेल तर वाकेसाठी 4 धरायचे. पिन धरून 20 मिमी येते. स्पॅनचा 240 वा भाग म्हणजे 16.7. नापास. खोली 225 केली की 14 मिमी, पास. खाली जिप्समचं किंवा असंच कडक छत असेल तर मर्यादा 360 वा भाग, 11.1 मिमी, मग 225 ही पुरत नाही, 250 घ्या.

ओलं लाकूड बसवलं तर हा हिशेबही हलका पडतो. कणकुंबीकडचा पाऊस बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त, आणि अथणी-रायबागकडं हवा कोरडी. एकाच नकाशावर दोन्हीकडं काम केलं की कणकुंबीला लाकूड फुगतं आणि अथणीला आक्रसतं. 200 मिमी खोलीची फळी सुकताना 3 टक्के आक्रसली तर 6 मिमी. तिच्या वरच्या आणि खालच्या कडेचे बोल्ट एकाच लोखंडी पाटीत अडकलेले असतील तर पाटी हलत नाही, आणि फळी मधोमध लांबीत चिरते. पाटीत एका रांगेची भोकं उभी लांबट ठेवा. अर्थात मग त्या रांगेच्या मोमेंटवर भरवसा ठेवता येत नाही, मॉडेलमध्ये तो सांधा पिन. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

वखारीचं बिल आणि मॉडेलमधलं लाकूड

सीमाभागातली एक खास भानगड. वखारीच्या बिलावर कानडी नावं असतात, नकाशावर मराठी. मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबळा, नंदी म्हणजे नाणा, किंदळ म्हणजे किंजळ. मॉडेलमध्ये साग भरलेला आणि गाडीतून मत्ती उतरली, असं होतं. ऐनाची घनता 850 धरली तर त्याच बोल्टचा ताठपणा 12,900 येतो, सागापेक्षा जवळजवळ 60 टक्के जास्त. ऐकायला बरं वाटतं, पण ताठ सांधा जास्त मोमेंट ओढून घेतो, आणि ऐन सुकताना सागापेक्षा जास्त चिरतो. बिल बघूनच घनता भरा आणि बोल्टवरचा भार पुन्हा काढा.

आधीच बांधलेलं हलत असेल तर

पोत्यांच्या चाचणीत सांधा पिन निघाला तर तो कडक करण्याच्या मागं लागण्याआधी तुळई पिन म्हणून पुरते का ते बघा. पुरत नसेल तर दोन फळ्यांच्या मध्ये 100 ची फट असतेच. तिच्यात दोन खांबांच्या मधल्या लांबीभर तिसरी फळी सरकवून 12 मिमीच्या बोल्टांनी दर 400 मिमीवर, आळीपाळीनं वर-खाली, शिवून टाका. तुळई आधी जॅकनं सरळ करा, मग शिवा. वाकलेल्या अवस्थेत शिवली तर पोट कायमचं.

13 चं भोक 16 चं करून जाड बोल्ट घालावा, हा सल्ला नेहमी मिळतो. भार येणाऱ्या कडेपासून बोल्टचं अंतर व्यासाच्या चौपट हवं. 12 ला 48, आपल्याकडं 50 आहे. 16 ला 64 लागेल, तेवढं नाही. भोकातली मोकळी जागा इपॉक्सीनं भरणं त्यापेक्षा बरं: भार उतरवून, भोक कोरडं आणि स्वच्छ करून, एका बाजूनं भरायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. ओलं लाकूड असेल तर इपॉक्सी धरत नाही, एप्रिल-मे मध्येच करा.

नव्या कामाच्या नकाशावर सांध्याशेजारी एवढं लिहून द्या: फळ्या आणि खांब एकत्र शिकंजात आवळून 12 च्याच गिरमिटानं एका दमात आरपार भोक, बोल्ट लाकडी हातोडीनं ठोकून बसावा, हातानं सरकला तर नापास, भार येणाऱ्या टोकापासून पहिला बोल्ट 85 मिमीवर, दोन्ही बाजूंना 50 × 50 × 5 ची पाटी, साधा वायसर नाही, पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, सगळे नट पुन्हा आवळायचे. नटांवर पाटणी ठोकू नका, पाना जाईल एवढी जागा ठेवा.